नाकावर फोड

बटण घरंगळत आलं आणि माझ्या बुटाला लागून थांबलं. मी ते उचललं, उजेडात तिरकं धरलं, कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं, माल चांगला आहे असं मनाशी म्हटलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की ही माझी बायको आहे. हॅन्लीजवळच्या न्यूकॅसलच्या सरायीच्या अंगणात भर दुपारी ही गोष्ट घडली. मी तिथे गेलो होतो तो लिव्हरपूलच्या गाडीत टॅमरसाठी जागा धरायला. टॅमर माझी एकुलती एक मुलगी. दहा दिवसांनी, सोमवारी, ती लिव्हरपूलला जाणार. तिचा नवरा तिथे जहाजांवर सुतारकाम करतो, आणि तिथून दोघं फिलाडेल्फियाला. फिलाडेल्फियाहून परत आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. बटण ज्याचं होतं तो गृहस्थ चांगलाच पोट सुटलेला होता. त्याच्या कोटावर वरपासून खालपर्यंत बटणं, निळ्यावर पांढरी, आणि प्रत्येकात माझी बायको केझाया, एकीखाली एक अशा अकरा. बाराव्या जागी नुसता दोरा लोंबत होता. बटण हातात घेत त्यानं विचारलं की ही बाई कोण, लंडनच्या दुकानदारानं सांगितलं होतं पण आपण विसरलो. "अग्रिपिना," मी म्हणालो. "रोमच्या एका सेनापतीची बायको." तो म्हणाला, घरंदाज दिसते. मी म्हणालो, होय साहेब. त्यानं बटण खिशात टाकलं आणि तो जेवायला आत गेला.

तेव्हा काही वाटलं असं म्हणणार नाही. अग्रिपिना म्हणजे आमच्या यादीतली अठ्ठ्याहत्तर नंबरची. गेली चौदा वर्षं ती हॅन्लीच्या आमच्या कारखान्यातून बाहेर पडते आहे: बांगड्यांत बसते, डब्यांच्या झाकणांवर बसते, श्रीमंतांच्या कपाटांत मखमलीवर ओळीनं बसते. आमच्यासारखं काम करणारे इथे पाच-सहा कारखाने आहेत, आमचे मालक त्यांतले मोठे नव्हेत. मोठ्यांचं बघून करणारे. लंडनमध्ये ज्याला प्राचीन कलेचा नमुना म्हणतात त्याला आम्ही इथे मुंडकी म्हणतो. "आज किती मुंडकी झाली?" असं विचारतो, आणि रोमचे सम्राट, ग्रीसचे तत्त्वज्ञ, आपले राजेसाहेब, सगळे त्यात आले. मी मुंडकी तपासणाऱ्या खोलीचा मुकादम. भट्टीतून निघालेलं प्रत्येक मुंडकं माझ्या खिडकीशी येतं. चांगलं असेल तर उजवीकडच्या फळीवर. तडा असेल, रंग उतरला असेल, फोड आला असेल, तर डाव्या हाताशी ऐरण आहे आणि उजव्या हाताशी हातोडी. सदोष माल बाहेर विकायचा नाही हा आमच्या मालकांचा एकच अभिमान, आणि तो मी सांभाळतो. तेव्हा बटण उचलल्यावर हातानं आधी काय पाहायचं ते पाहिलं यात त्याची काही चूक नाही. चूक ही की त्या माणसाला "अग्रिपिना" सांगताना मी खोटं बोललो नाही. मला खरोखर तेच नाव सुचलं.

न्यूकॅसलहून हॅन्लीला मी चालत आलो. वाटेत सहज म्हणून केझायाचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला गेलो, तर आला तो पांढरा आला. पांढरा, गुळगुळीत, डावीकडे बघणारा, डोळ्याला बुबुळ नाही. म्हटलं, थांब, असं नको, समोरून आठव. लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये तिनं वळून माझ्याकडे पाहिलं होतं ते आठवायला गेलो. चर्च आठवलं, तिच्या बाह्यांची फीत आठवली, पाद्र्याला सर्दी झाली होती ते आठवलं, आणि मान वळली ती बरोबर अर्ध्यावर थांबली. नाकाची एकच रेघ, कपाळापासून टोकापर्यंत सरळ. आता, केझायाचं नाक सरळ नव्हतं. त्यावर उंचवटा होता. मला हे माहीत आहे, जसं माझ्या आजोबांचं नाव माहीत आहे. पण उंचवटा कुठे होता? वर, डोळ्यांच्या मध्ये? मधोमध? टोकाकडे? मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो आणि स्वतःच्या नाकावरून बोट फिरवलं. एक गाडीवान ओरडला, "काय म्हाताऱ्या, जागेवर आहे ना?" हो, माझं होतं जागेवर.

आणि आदल्याच दिवशी टॅमर मला म्हणाली होती, "बाबा, आईची एक चांगली द्याल ना मला? मोठी. निवडून द्या." तिची आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. तिला आईचा आवाज आठवत नाही, हात आठवत नाहीत. तिला आठवते ती आमच्या चुलीवरच्या फळीवरची अग्रिपिना. तिच्याकडे बघून ती लहानपणी शुभरात्र म्हणायची. मी होय म्हटलं होतं. त्यात काय, फळी भरलेली असते, एक उचलायची. पण न्यूकॅसलहून आल्यावर ते तसं सोपं राहिलं नाही. पोरगी समुद्रापलीकडे जाणार, तिला मुलं होणार, आणि ती मुलांना म्हणणार ही तुमची आजी. मी तिला देणार होतो एक नीटनेटकं खोटं, आणि खरं काय ते माझ्याजवळही नव्हतं. माझ्याजवळ नव्हतं म्हणजे कुणाजवळच नव्हतं.

ते खोटं मीच केलेलं. तेव्हा मी मुकादम नव्हतो, मेणाचे नमुने करायचो. पाटीच्या तुकड्यावर गुलाबी मेण लावून, हाडाच्या कोरणीनं, तळहाताएवढ्या जागेत माणूस उभा करायचा. त्यावरून साचा, साच्यात पांढरी माती, ती ओल्या पात्यानं अलगद उचलून निळ्या मातीवर चिकटवायची, पाण्याशिवाय दुसरा डिंक नाही. हात चांगला होता माझा, उगाच का सांगू. त्या वर्षी रोमच्या बायकांना मागणी आली. मालक म्हणाले एक बाई कर, थोर घराण्यातली, सोसलेली. मी घरी गेलो आणि केझायाला खिडकीशी बसवलं. चार रविवार ती बसली, मांडीवर टॅमरचे मोजे विणत. मेणात मी तिला आहे तशी उतरवली, उंचवट्यासकट. मालक आले, माझ्या खांद्यावरून बघितलं, म्हणाले, "सुरेख. पण जेबेझ, रोमची बाई आहे ही, इथल्या बरस्लेमच्या बाजारातली नव्हे." एवढंच. पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. गिऱ्हाइकाचं नाक सरळ करायचं हे आमच्या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकवतात. दुहेरी हनुवटीची एकेरी करायची, कपाळ आणि नाक एका रेघेत आणायचं, आणि कुणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. कोरणी उचलली आणि एका फटक्यात उंचवटा काढला. मेणाचं कात्रण कोरणीला चिकटलं होतं, ते मी पँटला पुसलं.

पहिली भट्टी निघाल्यावर एक घरी आणली. केझायानं हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली, आणि म्हणाली, "छान आहे हो. कोण ही?" मला वाटलं थट्टा करते आहे. तिची थट्टा अशीच असायची, तोंडावरची माशी न हलवता. मी हसलो. तीही हसली असावी. त्याच हिवाळ्यात तापानं ती गेली, आणि मी ती मूर्त फळीवर ठेवली. मग मालकांनी तिच्यावरूनच लहान साचा करवला. भट्टी मातीचा सहावा हिस्सा खाते, त्यामुळे भाजलेल्या मुंडक्यावरून साचा घेतला की पुढचं मुंडकं आपोआप लहान निघतं. त्यावरून पुन्हा घ्या, आणखी लहान. तळहाताएवढीची बांगडीची झाली, बांगडीची अंगठीची झाली. बटणातली केझाया चौथ्या पिढीची आहे. तिच्यात ओठ म्हणजे एक रेघ उरते.

पुढचे तीन दिवस मी जेवणाच्या सुट्टीत, आणि रविवारी कारखाना बंद असताना, खोलीचं दार लावून मेण घेऊन बसलो. हात अजून चालतो. उंचवटा वर दिला, तर ती माझी मावशी दिसली. मधोमध दिला, तर कुणीच दिसलं नाही. खाली दिला, तर कावळा. प्रत्येक वेळी मनाला विचारावं, हीच का, आणि मन म्हणावं, असेल. असेल म्हणणारं मन काय कामाचं? साच्यांच्या माळ्यावर गेलो, अठ्ठ्याहत्तर नंबरचा पहिला साचा काढला, त्यात माती दाबून पाहिली, वेड्यासारखं, की मेणातून काढलेलं साच्यात कुठेतरी राहिलं असेल. नाक सरळ निघालं. टॅमरच्या नाकाकडे बघावं, तर ते माझं नाक आहे, बिचारीच्या नशिबी. एकच माणूस होतं जिला विचारता आलं असतं, आणि तिला विचारायची माझी छाती होत नव्हती.

ती म्हणजे थर्झा, केझायाची थोरली बहीण. लग्न केलं नाही. आमच्याच कारखान्यात मुंडकी चिकटवण्याच्या खोलीत पंचवीस वर्षं बसते. साच्यातून निघालेली माती जरा बोथट असते. निळ्यावर चिकटवल्यावर, ती अर्धवट सुकली की, बारीक हत्यारानं केसांच्या खाली, हनुवटीच्या खाली कोरून धार आणायची, ते काम तिच्यासारखं कुणाला येत नाही. टॅमरला अर्धी तिनंच वाढवली. आमच्या घरी ती दर रविवारी येते, जेवते, टॅमरशी चार घरच्या गोष्टी बोलते आणि माझ्याशी हवेबद्दल. केझाया गेल्यापासून असंच. मी समजत होतो की डॉक्टर उशिरा आणला म्हणून तिचा माझ्यावर राग आहे. तो विषय काढायला नको म्हणून मीही हवेबद्दलच बोलत आलो. चौदा वर्षं दोघं पाऊस आणि धुकं यांवर इतकं बोललोय की आमच्यावरून शेतकऱ्यांनी पेरणी करावी.

मंगळवारी सकाळी भट्टी उघडली आणि अग्रिपिनांची फळी माझ्या खिडकीशी आली. दोन डझन, मोठ्या मापाच्या, पाठीवर थर्झाची खूण, एक आडवी आणि तीन उभ्या रेघा. मला वाटलं यांतलीच एक टॅमरला द्यावी आणि गप्प बसावं. नाहीतरी जगात कुणाला कुणाचं खरं नाक मिळतं? पहिली उचलली. उजेडात तिरकी धरली. नाकावर फोड. हा दोष थर्झाच्या कामात नेहमीचा. इतकी हुशार बाई, पण दर खेपेला अग्रिपिनेच्या एका नाकावर फोड यायचाच. आमच्याकडे रीत अशी की भट्टीतून चांगलं निघेल त्याचीच मजुरी, चूक मातीची असो, आगीची असो की देवाची. म्हणजे दर खेपेला एक तिची फुकट जायची, आणि तिनं कधी हूं की चूं केलं नव्हतं. मी मनात म्हणायचो, तिच्या मातीत पाणी जास्त होतं. तिला ऐरणीवर ठेवली, हातोडी उचलली, मारली.

आवाज चुकीचा आला. फोड म्हणजे आत हवा असते. हातोडी लागली की तो आधी फुटतो, कवच उडतं, आत खळगा दिसतो. हा फुटला नाही. मुंडक्याचे तीन तुकडे झाले आणि नाकाचा तुकडा अख्खा माझ्या मनगटाजवळ येऊन पडला. मी तो उचलला आणि त्यावरून नख फिरवलं. भरीव. खालून वर चढत जाणारा, वरच्या बाजूला जरा चटकन उतरणारा, हत्यारानं कडा मिसळलेल्या. हे आगीचं काम नव्हतं. कुणीतरी मातीचा कण ठेवला होता, नेमका जिथे ठेवायचा तिथे, आणि ओल्या कुंचल्यानं तो नाकात मिळवून घेतला होता. मी स्टुलावर बसलो. बाकीच्या तेवीस बघितल्या. तेवीसही सरळ नाकाच्या, निर्दोष. मग मी मोजायला लागलो, वर्षाला किती खेपा, आणि मध्येच सोडून दिलं. मोजून काय करणार होतो?

थर्झाच्या खोलीत त्या वेळी आठ बायका होत्या. मी आत गेलो की त्या गप्प होतात, तशा झाल्या. थर्झा कुणा खासदाराच्या कानामागचे केस कोरत होती. मी तिच्या बाकावर तो तुकडा ठेवला. तिनं पाहिला, हत्यार खाली ठेवलं नाही.

"हे तू मुद्दाम करतेस," मी म्हणालो.

"हो."

"कधीपासून?"

"ती गेली त्या खेपेपासून." तिनं फुंकर मारून मातीचा चुरा उडवला. "पहिली मी तिची करते. म्हणजे हात बसतो. मग बाकीच्या तुझ्या."

मी विचारलं की मला का नाही सांगितलंस. आवाज माझा बरा राहिला नसणार, कारण पलीकडच्या दोघींनी माना वर केल्या. थर्झानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"सांगायचं काय त्यात? तुझ्यापुढेच तर पाठवत होते. मला वाटायचं, या खेपेला ओळखेल. नाही ओळखलंस तर पुढच्या खेपेला. मग सवय झाली. तू फोडायचास, मी करायचे."

  चौदा वर्षं मी माझ्या बायकोला उजेडात धरून, नीट निरखून, चुकीची ठरवत होतो, आणि त्याबद्दल मला मुकादमी मिळाली होती. डॉक्टरचं काहीच नव्हतं. माझ्या मनात एवढी वर्षं मी ज्या गुन्ह्याची शिक्षा भोगत होतो तो थर्झाच्या गावीही नव्हता, आणि जो होता तो मी दर खेपेला नव्यानं करत होतो, हातोडीनं. तिची मजुरी बुडत होती हे सुचलं ते नंतर, आणि ते मी म्हणालोही, ती म्हणाली, "बहिणीला भेटायला जायचं तर कुठेही गाडीभाडं पडतंच." मग मी टॅमरचं सांगितलं. मला एक हवी आहे, ती जायच्या आत. थर्झानं बोटांवर दिवस मोजले. आज दाबली तर दोन दिवस सुकायला. गुरुवारी भट्टी लागणार होती, शनिवारी सकाळी उघडणार. "जमेल," ती म्हणाली, "पण खरा फोड आला तर मला बोलू नकोस."

आणि मला तीच भीती. गुरुवार ते शनिवार मी भट्टीच्या आसपास उगाच घुटमळलो. भट्टीवाल्यानं विचारलंसुद्धा की मुकादम, तुमचं अंडं उबवायला ठेवलंय का आत. शनिवारी सकाळी बाहेर काढलेल्या मातीच्या पेट्या अजून गरम होत्या, मी तिची पेटी फडक्यानं धरून उघडली. निळा रंग नीट बसला होता, तडा नाही, डाग नाही, आणि नाकावर तो उंचवटा, मधोमधच्या किंचित वर. मी तिच्याकडे बघितलं आणि खरं सांगायचं तर मला ओळख पटली नाही. कुणीतरी परकी बाई, जरा हट्टी, जरा हसायच्या बेतात असलेली. थर्झावर विश्वास ठेवायचा म्हणून ठेवला. खिशात घातली आणि घरी आलो.

टॅमर प्रवासासाठी ओटची धिरडी घालत होती. तवा तापलेला, घरभर वास. थर्झा टेबलाशी चहा पीत बसली होती. शनिवारी ती कधी येत नाही, आज आली होती. मी मुंडकं काढून टॅमरपुढे धरलं. तिनं घाईघाईत हात फडक्याला पुसले, नीट पुसले नाहीत, आणि ते घेऊन खिडकीशी गेली. लहानपणी रविवारी मी तिला माझ्या खोलीत न्यायचो, तेव्हा मीच तिला शिकवलं होतं. तिनं ते तिरकं धरलं. कडेवरून नख फिरवलं. पाठ पाहिली, पुन्हा तोंड पाहिलं. मग अंगठ्यानं नाक चोळलं, काही लागलंय का म्हणून, आणि मला परत दिलं.

"नाकावर फोड आहे, बाबा," ती म्हणाली. "चांगली नाही का एखादी?"

आधी मला अभिमान वाटला. कबूल करतो. पोरीची नजर पक्की आहे, एवढंच पहिल्यांदा मनात आलं. थर्झानं कप खाली ठेवला आणि मी आता काय करतो ते बघत राहिली. मी मुंडक्याकडे पाहिलं. टॅमरच्या अंगठ्याचं ओलं पीठ उंचवट्यावर लागलं होतं, करडा एक ठिपका, बरोबर टोकावर. ते पुसायला मी बोट उचललं, आणि केझाया तव्याशी उभी राहिली. दोन्ही हात पिठानं भरलेले, बटा डोळ्यांवर आलेल्या, त्या सारायला ती मनगटाची पाठ कपाळावरून खाली ओढायची, रोज, आणि मनगट जायचं ते जायचं नाकाच्या त्या हाडाला घासून जायचं, आणि तिथे पीठ लागायचं. तिथेच. दर सकाळी. ते वाळून पांढरं व्हायचं आणि ती तशीच माझ्यापुढे ताट ठेवायची, आणि मी म्हणायचो, केझाया, नाक, आणि ती म्हणायची, माझंच आहे, बघून घे. समोरून म्हणायची. माझ्याकडे बघून. डोळे तपकिरी होते.

मी बोलायला लागलो आणि मग थांबता येईना. तव्याचं सांगितलं, पिठाचं सांगितलं, मालकांचं, मेणाच्या कात्रणाचं, हातोडीचं. पन्नाशीचा माणूस पोरीसमोर रडला, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तव्यावरचं धिरडं करपलं, थर्झानं उठून ते काढलं. टॅमर माझं ऐकत होती आणि चुलीवरच्या फळीकडे बघत होती.

"मग मी रोज शुभरात्र कुणाला म्हणत होते?" तिनं विचारलं. रागानं नाही.

 उत्तर थर्झानं दिलं. "म्हटलेलं पोचतं गं," ती म्हणाली. "समोर तोंड कुणाचं का असेना."

टॅमरनं माझ्या हातातून मुंडकं घेतलं. पीठ पुसलं नाही. अंगठा उंचवट्यावर ठेवला, मग तिनं ते आपल्या लोकरी मोज्यात घातलं, मोजा दुसऱ्या मोज्यात, आणि पेटीच्या मधोमध, कपड्यांच्या घडीत ठेवलं. फळीवरची तिनं मागितली नाही. मीही दे म्हटलं नाही.

सोमवारी सकाळी न्यूकॅसलहून गाडी सुटली. थर्झा आणि मी चालत परत आलो, दोन मैल, आणि हवेबद्दल एक शब्द निघाला नाही. ती केझायाच्या लहानपणीचं सांगत होती. नाकाचं ते हाड सहाव्या वर्षी कुंपणावरून पडून मोडलं होतं, हे मला, तिच्या नवऱ्याला, कधी माहीत नव्हतं. कारखान्याशी आल्यावर ती तिच्या खोलीत गेली, मी माझ्या. दुपारी अग्रिपिनांची नवी फळी आली, शनिवारच्याच भट्टीतली, दोन डझन, लंडनच्या मागणीची. आडवी एक रेघ, उभ्या तीन. पहिली उचलली, उजेडात तिरकी धरली, कडेवरून नख फिरवलं. तडा नाही. रंग नीट. नाकावर उंचवटा, भरीव. मी तिला उजवीकडच्या फळीवर ठेवली आणि वहीत चांगली म्हणून लिहिली. गिऱ्हाईक तक्रार करेल, माल परत पाठवेल, मालक मला बोलावतील. परत आली तर येऊ दे. घर तिचंच आहे.